मागच्या आसाची वाट

शॉकमधली हवा सोडावी, मागचं चाक काढून भिंतीला टेकवावं आणि फ्रेमचा मागचा भाग तळहातावर घेऊन हळूहळू वर उचलावा. फुल सस्पेन्शन माउंटन बाइकचा आस्वाद घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. रंग, नळ्यांचे आकार, कंपनीचं नाव बाजूला ठेवून नजर फक्त आस बसतो त्या भोकावर ठेवली, की ते भोक हवेत एक रेघ काढत वर जाताना दिसतं. रेघ जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटरांची, बहुधा आधी किंचित मागे झुकून मग पुढे येणारी. बाकीची सगळी फ्रेम त्या रेघेसाठी रचलेली असते. फ्रेम निवडणं म्हणजे ही रेघ निवडणं, आणि आस निवडणं म्हणजे त्या रेघेवरून चाक डगमगू न देता कसं न्यायचं ते ठरवणं. दुकानात हे दोन निर्णय वेगवेगळे सांगितले जातात. माझ्या मते तो एकच निर्णय आहे.

धाराशिव जिल्ह्यात या रेघेची परीक्षा रोज होते. बालाघाटच्या पठाराच्या कडेला येडशीकडे किंवा तुळजापूरकडे डांबर सोडून आत वळलं, की सुटा मुरूम लागतो, मधूनच काळ्या दगडाचे टोकदार कोपरे वर आलेले असतात. शिवारात उतरलं तर पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात विटेसारख्या घट्ट होऊन बसलेल्या. असा दगड समोरून आला, की मागच्या चाकाला वर जायचं असतं आणि थोडं मागेही सरायचं असतं, कारण धक्का येतो तोच पुढून, तिरका. आस मागे सरकू शकला तर चाक दगडावरून चढून जातं. नाही सरकला, तर चाक दगडाला अडतं आणि तो हिसका थेट कंबरेत येतो.

मग आस भरपूर मागे जाऊ द्यावा, असं वाटेल. पण चेन मध्ये येते. आस मागे गेला की पॅडलच्या मधल्या आसापासूनचं त्याचं अंतर वाढतं, वरची चेन ताणली जाते आणि ती पॅडल उलटं ओढते. पायाखाली बसणारा हा ठोसा खडकाळ उतारावर चांगलाच जाणवतो. गंमत अशी, की पायाला छळणारी हीच ओढ चढावर उपयोगी पडते. पॅडल मारताना अंगाचा भार मागे जातो, शॉक दबायला बघतो, आणि ताणलेली चेन मागच्या भागाला खाली रेटून हे दबणं थोपवते. एकाच अंतराचे हे दोन परिणाम आहेत, आणि चांगला रचनाकार त्यांच्यातला तोल मिलिमीटर मिलिमीटर करत साधतो. चढावरचा ठामपणा किती ठेवायचा आणि त्याची किंमत पायांनी किती मोजायची, याचं उत्तर त्या रेघेच्या वाकात लिहिलेलं असतं.

सगळ्यात साधी रचना एका पिव्हटची. पॅडलच्या वर एक सांधा, तिथून मागे गेलेला एक हात आणि त्याच्या टोकाला आस. रेघ अर्थातच वर्तुळाचा तुकडा. कंपासने काढावी इतकी स्वच्छ. या रचनेचं एक वैगुण्य आहे. ब्रेकचा कॅलिपर त्याच हातावर असतो, त्यामुळे उतारावर मागचा ब्रेक दाबला की ब्रेकचा पीळ हातात उतरतो, मागचा भाग आखडतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी शॉक मोकळेपणाने काम करत नाही.

हॉर्स्ट लायटनर या रचनाकाराने यावर काढलेली तोड मला आजही फार सुंदर वाटते. त्याने मागच्या हाताला आणखी एक सांधा दिला आणि तो बसवला चेनस्टेवर, म्हणजे आसाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्यावर, आसाच्या किंचित पुढे आणि खाली. एवढ्याने आस मुख्य हातावरून सुटून वरून आलेल्या दांड्याचा, म्हणजे सीटस्टेचा, झाला, ब्रेकही त्याच्याबरोबर गेला. आता आस कुठल्याही एका सांध्याभोवती फिरत नाही. चार दांड्यांच्या हालचालीतून त्याची वाट तयार होते, आणि ब्रेकचा पीळ शॉकला फारसा छळत नाही. स्पेशलाइज्ड कंपनीने 1998 साली या रचनेची पेटंटं विकत घेतली. त्यानंतर ती पेटंटं टाळायला अमेरिकेत इतर अनेकांनी तोच सांधा उचलून आसाच्या वर, सीटस्टेवर बसवला. लांबून दोन्ही फ्रेम सारख्याच दिसतात. पण सांधा दोन-चार सेंटिमीटर वर गेला, की आस पुन्हा मुख्य हाताचा होतो आणि रेघ पुन्हा वर्तुळाची. वरचा सगळा सांगाडा मग फक्त शॉक दाबण्याचं काम करतो. 2007च्या सुमारास डेव्ह वीगल या रचनाकाराने आणि ट्रेक कंपनीने तिसरं उत्तर दिलं: सांधा थेट आसावरच, एकाच केंद्रात. रेघ वर्तुळाची राहते, ब्रेक मात्र सुटा होतो. आसाच्या पुढे, आसाच्या वर, आसावर. जाहिरातीत कितीही भारी नावं असोत, फ्रेम हातात आल्यावर आधी हा सांधा शोधावा. निम्मं वाचन तिथेच होतं.

आसापासून विचार सुरू करण्याची ही रीत या मुलखाला नवी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली, पुढे येडशीवरून वाढत 1911 साली लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. कॅलथ्रॉपने एक गोष्ट आधी ठरवून टाकली होती: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको. रूळ किती हलके चालतील, इंजिनाला किती चाकं लागतील, डबा किती लांब करता येईल, हे सगळं त्या एका आकड्याच्या मागून आलं. हलक्या रुळांवरून मोठमोठे डबे नेणारी ही गाडी त्या काळी इंग्लंडातही कौतुकाचा विषय होती. आता तिथे ब्रॉडगेज आहे.

सायकलच्या आसाची गोष्ट तुल्लिओ कांपान्योलोपाशी सुरू होते. 1930च्या सुमारास या इटालियन सायकलपटूने क्विक रिलीज आणलं: पोकळ आसातून जाणारी पाच मिलिमीटरची बारीक सळई, एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला खटका. खटका ओढला की चाक हातात. ही कल्पना इतकी चोख होती, की माउंटन बाइकनेही ती दीर्घकाळ जशीच्या तशी वापरली, मागे 135 मिलिमीटर रुंदीच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात. मागून ताठ असलेल्या फ्रेममध्ये ती आजही चालते, कारण तिथे डावा आणि उजवा स्टे एकमेकांना जोडलेलेच असतात.

फुल सस्पेन्शनमध्ये तसं नसतं. मागचा भाग सांध्यांवर तोललेला, आणि आसाजवळ दोन्ही बाजूंची टोकं सुटी. वळणावर चाक आडवं दाबलं गेलं की डावी बाजू एकीकडे, उजवी दुसरीकडे पिळू पाहते. या दोघींना एकत्र धरून चौकट पुरी करणारा दांडा म्हणजे आस. म्हणूनच इथे तो चाक अडकवायचा खिळा राहत नाही, फ्रेमचाच एक अवयव होतो. बाजारात ‘डबल शॉकअप’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलींचं मागचं चाक शेपटीसारखं हलतं, त्यात ढिल्या सांध्यांबरोबर या दांड्याच्या दुबळेपणाचाही वाटा असतो.

थ्रू एक्सल हे त्याचं उत्तर. बारा मिलिमीटर जाडीचा पोकळ दांडा बंद भोकातून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूला थेट फ्रेमच्या आट्यांत घट्ट होतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भिंत फक्त दोन मिलिमीटरची धरली, तरी हा दांडा त्या पाच मिलिमीटरच्या सळईपेक्षा वीसपटीहून जास्त ताठ भरतो. आपल्याकडे याचा आणखी एक रोकडा फायदा आहे. बाभळीच्या काट्यांमुळे चाक वरचेवर काढावं लागतं. उघड्या खाचेत क्विक रिलीज घाईने आवळलं तर चाक केसभर तिरकं बसतं आणि डिस्क कॅलिपरला घासत राहते. थ्रू एक्सल दर वेळी त्याच जागी बसतो. चाक काढायला अर्धं मिनिट जास्त लागतं, पण घासणारी डिस्क जुळवण्यातली पंधरा मिनिटं वाचतात.

हबच्या रुंदीचे आकडे गोंधळात टाकतात, पण त्यांच्यामागे तर्क आहे. 142 हे खरं तर 135च. दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर वाढवले ते हबला फ्रेममध्ये टेकायला जागा मिळावी म्हणून. तारा जिथून निघतात त्या कडा आणि डिस्क जागच्या जागी राहिल्या. 148 मात्र वेगळं. 29 इंची चाकाच्या लांब तारा फार उभ्या कोनात येत आणि चाक आडव्या भाराला लवत असे. 2014 साली ट्रेक आणि स्रॅम या कंपन्यांनी हबच्या कडा प्रत्येकी तीन मिलिमीटर बाहेर सरकवल्या, चेनची रेषाही तीन मिलिमीटर बाहेर गेली. आज नवी फ्रेम घेणाऱ्याने 148 घ्यावी. सुटे भाग त्याच मापात सहज मिळतात. जुनी फ्रेम मिळत असेल तर 142लाही हरकत नाही, हब जपून ठेवावा. 135 क्विक रिलीजची फुल सस्पेन्शन फ्रेम मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी मी कुणाला घ्यायला सांगणार नाही.

सेकंडहँड फ्रेमबरोबर तिचा मूळ आस मागून घ्यावा. बाहेरून सगळे बारा मिलिमीटरचेच दिसतात. आट्यांचं अंतर मात्र कुणाचं 1 मिलिमीटर, कुणाचं 1.5, कुणाचं 1.75. चुकीचा आस दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला तर फ्रेमचे अॅल्युमिनियमचे आटे जातात.

धाराशिवच्या सायकलस्वाराला मी सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल, म्हणजे त्या रेघेची उंची, असलेली, थोड्या सांध्यांची फ्रेम सुचवीन. लायटनरच्या रचनेवर माझा जीव आहे, पण इथे उन्हाळाभर उडणारी फुफाट्याची धूळ आणि पावसात चाकाला लडबडणारी काळी माती प्रत्येक सांध्यात शिरायला बघते. जितके सांधे, तितकी बेअरिंगं. शक्य तर बेअरिंगवरचे नंबर वाचून घ्यावेत. 6902सारखा प्रचलित नंबर असेल तर मोटारीची बेअरिंगं विकणाऱ्या दुकानातही तो मिळण्याची शक्यता असते. खास मापाचा असेल तर पार्सलची वाट बघत बसावं लागतं. चार सांध्यांचा मोह आवरत नसेल, तर निदान टायर आणि स्टे यांच्यामध्ये बोट सहज फिरतंय ना, ते पाहावं. एवढी जागा नसेल तर चिखल तिथेच भरून चाक जाम होतं.

जुनी फ्रेम पाहायला गेलेल्या एका पोराने सायकलच्या मिस्त्रींना विचारलेलं मी ऐकलं, “काका, चाक हलतंय. हबचं बेअरिंग गेलं का?” मिस्त्री म्हणाले, “हब नको बघू. चाक वरून धरून आडवं हलव, अन् दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत जा.” पोराने तसं केलं. आस घट्ट होता. पॅडलच्या वरच्या मुख्य सांध्यापाशी बोटाला बारीकसा ‘टक्’ लागला. आडवी हालचाल तिथून उगम पावत होती आणि आसापर्यंत पोचेतो चांगली बोटभर होत होती. मिस्त्रींनी बेअरिंगांचा आणि बसवण्याचा खर्च सांगितला, पोराने तेवढे पैसे मागितलेल्या किमतीतून कमी करायला लावले आणि आस काढून त्याचे आटे उन्हात धरून पाहिले.