'थेट' संभाषण : किती थेट?

दोन मोबाइल फोन हातभर अंतरावर असले तरी एकाचा आवाज आधी टॉवरकडे जातो आणि तिथून दुसऱ्याकडे येतो. टॉवर बंद पडला की दोन्ही फोन मुके. मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्ये अशी सुमारे २९,००० केंद्रे बंद पडली होती.

फोन एकमेकांचे परस्पर का ऐकत नाहीत? पुष्कळ जाळ्यांत फोन एका वारंवारतेवर बोलतो व दुसरीवर ऐकतो. टॉवरचे नेमके उलटे. काही जाळ्यांत वारंवारता एकच असते, पण सगळे फोन एकाच वेळी बोलतात आणि एकाच वेळी ऐकतात. मग एकमेकांचे कानी पडणार कसे? शिवाय वेळेचा ताल धरून देतो तोही टॉवरच.

यावर तोडगा निघाला आहे. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या 'थ्रीजीपीपी' या जागतिक मंडळाने २०१५ साली पूर्ण झालेल्या बाराव्या आवृत्तीत फोनला फोनचे ऐकण्याची सोय केली. टॉवर नसेल तिथे एखादा फोनच ताल देतो. तंत्र म्हणून हे काम उत्तमच आहे.

आमचा आक्षेप आहे तो वाटणीला. त्या आवृत्तीत प्रत्यक्ष थेट संभाषण पोलीस, अग्निशमन दल अशा सेवांपुरतेच ठेवले गेले. इतरांना मिळाली ती जवळ कोण आहे हे ओळखण्याची सोय, तीही टॉवरच्या टापूत. २०१७ च्या चौदाव्या आवृत्तीने वाहनांना परस्पर संदेश देण्याची मुभा दिली. नंतरच्या आवृत्त्यांनी दार आणखी किलकिले केले. पण तुमच्याआमच्या फोनमध्ये ही सोय अजून सर्रास आढळत नाही. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाजवळ मात्र असतो तो हाच साधा फोन!

सगळेच मनाला येईल तेव्हा बोलू लागले तर लहरींचा गोंधळ होईल, ही अडचण खरी आहे. म्हणूनच आमची मागणी माफक आहे : टॉवर गप्प असेल तेव्हाच, बचावपथकांची पट्टी सोडून, दोन ओळींचा निरोप जाऊ द्यावा.

वर्गात हा विषय निघाला तर शिक्षकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. संदेश कोणत्या वाटेने गेला? आणि त्याला परवानगी कोणी दिली? पहिल्याचे उत्तर 'थेट' असले, तरी दुसऱ्याचे तसे असेलच असे नाही.