वाऱ्याचा खेळ आणि शांतरस

खेळ म्हटला कीं हारजीत आलीच, ही आपली जुनी समजूत. सोंगट्यांपासून क्रिकेटपर्यंत प्रतिपक्षावांचून डाव रंगत नाहीं. आणि व्हिडिओ गेम तर बव्हंशीं मारामारीचेच, अशी पुष्कळ आईबापांची तक्रार असते. ‘फ्लॉवर’ हा खेळ त्या समजुतीला आणि या तक्रारीला एकदमच उत्तर देतो. शांघायमध्यें जन्मलेल्या जेनोव्हा चेन यांनीं अमेरिकेंतील ‘दॅटगेमकंपनी’ या संस्थेंत सहकाऱ्यांसह तो रचला, आणि २००९ सालीं प्लेस्टेशन ३ या यंत्राकरितां तो प्रसिद्ध झाला.

यांत खेळणारा स्वतः वारा होतो. शहरांतल्या एका खोलींत खिडकीशीं कुंडींत फूल आहे; त्या फुलाच्या स्वप्नांत आपण शिरतों. हातांतील नियंत्रक जिकडे कलवावा तिकडे वाऱ्यावरची पाकळी वळते. कळ दाबली कीं वाऱ्याला जोर चढतो. वाटेंतल्या फुलास स्पर्श झाला कीं तें उमलतें, एक स्वर उमटतो, आणि त्याची पाकळी आपल्या मागें येऊं लागते. थोड्याच वेळांत पाकळ्यांची लांब माळ गवतावरून उडूं लागते. येथें गुणांची मोजणी नाहीं, घड्याळाचा धाक नाहीं, संवादाचा एक शब्दही नाहीं.

मग मन गुंततें कशानें? याचें उत्तर आपल्या साहित्यशास्त्रांत सांपडण्याजोगें आहे. भरताच्या आठ रसांना शांताची जोड द्यावी कीं नाहीं, यावर प्राचीनांत मोठा वाद झाला. शांतांत सर्व व्यापार थांबतो, मग त्याचा अभिनय करावा कसा, असा आक्षेप होता. अभिनवगुप्तानें शांताचा कैवार घेतला. तोच आक्षेप या खेळावरही घेतां येईल: स्पर्धा थांबली, मग उरलें काय? उरतो तो प्रतिसाद. स्पर्श केला कीं रान हिरवें होतें, पवनचक्की फिरूं लागते, रात्रीं दिवे लागतात. जिंकल्याच्या आनंदाची जागा येथें जागविल्याचा आनंद घेतो. विसाव्यांतही मन किती जागें असूं शकतें, हें इतक्या प्रत्ययकारी रीतीनें दाखविणाऱ्या कृति थोड्या.

पांचव्या स्वप्नांत आकाश काळवंडतें, विजेचे मनोरे वाकतात, आणि भारलेल्या लोखंडास लागून पाकळ्या होरपळतात. कोणास हा रसभंग वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अशांतीची ओळख नसलेली शांति म्हणजे निव्वळ सुस्ती होय. खरा दोष सहाव्या स्वप्नांत आहे. तेथें पाकळ्यांचा लोट शहरांतील काळे लोखंडी सांगाडे फोडीत सुटतो, आणि जो खेळ शत्रूवांचून रंगला त्यालाच अखेरीस शत्रू हवासा वाटतो. शहराला रंग परत मिळतो खरा. पण फोडण्याची मौज मागच्या दारानें आंत येते, आणि फुलविणारा वारा तेवढ्यापुरता योद्धा बनतो.

हा डाग मान्य करूनही कृतीचें मोल कमी होत नाहीं. २०१३ मध्यें स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमनें ती आपल्या कायम संग्रहांत घेतली, तें योग्यच झालें. मुलांनीं असे खेळ खेळावेत कीं नाहीं, हा वाद घरोघर चालूच राहील. काय खेळावें, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. वडील माणसांनीं मुलांशेजारीं बसून हीं सहाही स्वप्नें एकदां पाहावींत, आणि शेवटीं इतकेंच विचारावें: लोखंड फुटतांना अधिक मौज वाटली, कीं रान हिरवें होतांना?