कृतिपुस्तकांची भाषा

आपल्याकडे बालसाहित्याची चर्चा कथा, कविता आणि नाट्य यांपाशीच थांबते. कृतिपुस्तकाला समीक्षेच्या पंक्तीत पान मांडले जात नाही. वास्तविक पालक आणि मूल शेजारी बसून एकच पुस्तक हाताळतात, ते बहुधा या प्रकारातच. म्हणून त्याच्या भाषेचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

अरविंद गुप्ता यांच्या काड्यांच्या प्रतिकृतींचे उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशात 1972 ते 2002 या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते 1978 मध्ये आले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी आगकाड्या जोडण्याची त्यांची कल्पना तेथेच आकाराला आली. काड्यांचे गुल आधी खरवडून टाकायचे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबूनही ढळत नाही. चार काड्यांचा चौरस बोटाच्या धक्क्याने कलतो. कर्णाच्या जागी लांब काडी बसवली, की तोही स्थिर होतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला हातांनीच कळते. मात्र चौरस कलण्याआधीच पालकाने कारण सांगून टाकले, तर खेळाचा पाठ होतो. त्रोटक वाक्ये आणि भरपूर चित्रे हे या लेखनाचे बळ पालकाच्या अशा उतावीळपणापुढे टिकत नाही.

मराठी कृतिपुस्तकांत पुष्कळदा ‘कागद घ्यावा, घडी घालावी’ असे विध्यर्थी गद्य आढळते. ते मुलाशी बोलत नाही, त्याला सूचनापत्र देते. ‘दुमड, खोच, ओव, चेप’ म्हटले की शेजारी माणूस बसल्याचा भास होतो. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत या क्रियापदांचे मोल अधिक आहे. हिंदी ‘मोड़ना’ तोंडी बसलेले मूल ‘कागद मोडला’ म्हणते. त्याला अभिप्रेत असते ‘दुमडला’. हा फरक व्याकरणाच्या तासाला पटत नाही. मोडलेली काडी आणि दुमडलेला कागद समोर ठेवले, की समजावून सांगावे लागत नाही.

घरात मराठी टिकावी म्हणून आपण पाठांतराच्या स्पर्धा घेतो. त्या अवश्य घ्याव्यात. पण पाठ केलेली कविता वर्षातून एकदा म्हटली जाते, आणि ‘जरा धर, आता सोड’ हे रविवारी दहादा बोलले जाते. कृतिपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि परीक्षण करणाऱ्यांनी या बोलण्याची दखल घ्यावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.