गोष्टबंदीची गोष्ट

लहानपणी भर दुपारी गोष्टीसाठी हट्ट धरला की आमची दादी सांगायची, दिवसा कहाणी सांगू नये, मुसाफिर रस्ता भुलतात. पुष्कळ मुस्लिम घरांत ही बंदी होती. आपल्या ओसरीवरच्या गोष्टीने कुणा अनोळखी वाटसरूची वाट चुकू शकते, एवढा त्या निरक्षर बायांचा गोष्टीच्या ताकदीवर विश्वास होता. दिवस कामाचा, रात्र कहाणीची. दिवेलागण झाली की बंदी आपोआप उठायची.

पण जी बंदी उठतच नाही तिचे काय? सलमान रश्दी यांची 'हरून अँड द सी ऑफ स्टोरीज' ही कादंबरी वाचताना हा प्रश्न आम्हांला पडला. हे नाव घेताच आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांला कल्पना आहे. 'द सॅटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर १९८८ साली भारतात बंदी आली, १९८९ साली इराणमधून फतवा निघाला आणि १९९० साली लपून राहत असलेल्या या लेखकाने आपल्या मुलासाठी ही साहसकथा लिहिली. त्या आधीच्या पुस्तकाने समाजाचे मन दुखावले, हे आम्ही नाकारत नाही. पण २०२२ साली भर व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, त्यात त्यांचा एक डोळा गेला, त्याचे समर्थनही आम्हांला करता येत नाही. पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यावे, आणि पुस्तक वाचूनच द्यावे.

कथानक असे आहे. रशीद खलिफा हा नाणावलेला किस्सागो. बायको घर सोडून जाते आणि त्याची गोष्टच आटते. मुलगा हरून ती परत आणायला निघतो. 'कहानी' नावाचा पृथ्वीचा दुसरा चंद्र आहे, तो इतक्या वेगाने फिरतो की कुणाला दिसत नाही. हरून तिथे जातो तो यांत्रिक हुदहुदाच्या पाठीवर. हजरत सुलेमानला खबर आणून देणारा, अत्तारच्या काव्यात पाखरांना वाट दाखवणारा हुदहुद इथे न बोलता मनाशी मन जोडणारे यंत्र झाला आहे. त्या चंद्राच्या एका बाजूला गप, दुसऱ्या बाजूला चुप. चुपचा मालक खत्तम-शुद. त्याने बोलण्यावर बंदी घातली आहे आणि गोष्टींच्या समुद्रात तो विष कालवतो आहे. कारण सरळ आहे: प्रत्येक गोष्टीत एक जग असते आणि त्या जगावर त्याची सत्ता चालत नाही. हा सैतान जवळून पाहिला तर एक किरकोळ कारकुनी माणूस निघतो. गपची फौज प्रत्येक हुकमावर वाद घालते आणि त्या वादानेच एकजूट होऊन जिंकते; गप्प बसवलेली चुपची फौज मात्र एकमेकांवरच्या संशयाने फुटते. हे सारे लेखकाने मोठ्या मौजेने रंगवले आहे.

मात्र कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाता जाता येऊन जाते. चुपमध्ये कायम अंधार का? गपच्या तंत्रज्ञांनी चंद्राचे फिरणे असे बांधून ठेवले आहे की सगळा उजेड गपच्याच वाट्याला यावा. वर दोघांमध्ये भिंतही घातली आहे. म्हणजे बोलणाऱ्यांनी उजेड अडवला, आणि मग न बोलणाऱ्यांना अंधाराचे लोक ठरवले! शेवटी हरूनच्या इच्छेने चंद्र फिरतो, चुपमध्ये ऊन पडते. पण गपवाल्यांना कुणी जाब विचारत नाही. सगळा दोष एका खत्तम-शुदच्या माथी मारून कादंबरी मोकळी होते. इथे ती कमी पडते, असे आमचे मत आहे.

खरी गोष्टबंदी बहुधा हुकमाने येतच नाही. या कादंबरीचे नाव ज्या 'कथासरित्सागरा'ची आठवण देते, तो सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचला. त्यातच आपल्या पैठणच्या सातवाहन राजाची आख्यायिका आहे. गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहून राजाकडे पाठवली. राजाने ती भीतीने नाकारली नाही. रानटी भाषेतली म्हणून नाकारली. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. जनावरे चरणे विसरून ऐकत राहिली. राजाला पश्चात्ताप झाला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

ते रान फार दूर नाही. डहाणू तालुक्यातल्या रानशेत, गंजाड अशा गावांत राहणाऱ्या वारल्यांची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी आहे. कणसरी देवीची कथा घांगळीच्या साथीने, लग्नाची गाणी धवलेरीच्या तोंडून, असे त्यांचे वाङ्मय. त्यावर कुणी बंदी घातली नाही. ते वाङ्मयच आहे, हे आम्ही मानले नाही. वेठबिगारी आणि लग्नगडीपायी वारली पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबला. पण त्याच्या सोसण्याची हकिगत ऐकणार कोण? गोदावरी परुळेकरांनी ती ऐकली आणि १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आले. पण १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे काय घडले तेही आठवावे. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई जमीनदारांनी उठवली, आदिवासी जमले, गोळीबार झाला, पाच जण ठार झाले. गोष्ट नेहमीच मुक्ती देते असे नाही. ती कुणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते.

गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगतात की, आई गेल्यावर त्या मुलाची वाचा बसली आणि तो धुळीत चित्रे काढून बोलू लागला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज त्या शैलीतली चित्रे चादरींवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. त्यांतली कथा मात्र कुणी विचारत नाही. ही नवी गोष्टबंदी!

आम्हा मुस्लिम मराठी लेखकांना हे निराळे समजावून सांगायला नको. १९९० सालीच सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आमच्या घरातल्या मराठीला उजेडात जागा मागण्यासाठी. पण आरसा आपल्याकडेही वळवावा. १९३२ साली चार तरुण मुसलमानांचा 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह निघाला, १९३३ साली इंग्रज सरकारने तो जप्त केला. पण त्याआधी ओरड केली ती आपल्याच लोकांनी. आजही आपल्या कितीतरी घरांत आपा, फुफू, खाला यांच्या हकिगती जमातीची अब्रू जाईल म्हणून उंबऱ्याआतच राहतात. ज्या कुराणात हजरत युसूफच्या कथेला सर्वोत्तम कथा म्हटले आहे, ते वाचणाऱ्यांच्या घरातली ही स्थिती आहे.

मराठी विज्ञानकथेने हा विषय जरूर घ्यावा. फक्त तिने सैतान शोधत बसू नये. उजेड कुणी अडवला, चंद्र कुणी बांधून ठेवला, हे तिने विचारावे. आणि बांधणाऱ्यांत आपले हात दिसले तर तेही लिहावे. दादीची बंदी दिवस मावळला की उठायची. ही बंदी तशी उठणारी नाही, आणि तोवर वाट चुकणारे मुसाफिर आपणच आहोत.