अंतर्विरोध आणि वदतोव्याघात

मार्क्सवादावरील आपल्याकडील चर्चेत ‘अंतर्विरोध’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो, की त्याच्या आधारे काहीही सिद्ध करता यावे. आक्षेपकाने विसंगती दाखविली, की समर्थक म्हणतो, ‘हाच तर विरोधविकास!’ मग आक्षेपकालाही वाटते, की मार्क्सने तर्कशास्त्राला रजाच दिली. वस्तुतः दोघांचीही चूक एकच आहे.

‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) एक विणकर येतो. तो वीस वार कापड दोन पौंडांस विकतो आणि त्या पैशांतून बायबल घेतो. मालाच्या सरळ अदलाबदलीत देणे व घेणे एकाच क्षणी घडते. पैसा मध्ये येताच त्या दोन निराळ्या क्रिया होतात. विकणाऱ्याने लगेच काही विकत घेतलेच पाहिजे असे नाही. त्याने पैसा अडवून ठेवला, तर दुसऱ्याचा माल पडून राहतो. एकमेकींवाचून अपुऱ्या अशा दोन क्रिया अशा रीतीने सुट्या होतात. अरिष्टाची शक्यता येथेच आहे. पैशाने हा विरोध मिटत नाही, त्याला वावरण्यास जागा मिळते. येथे मार्क्स लंबवर्तुळाचा दाखला देतो: एक वस्तू दुसरीकडे सतत पडत असते आणि तिच्यापासून सतत दूरही जात असते, लंबवर्तुळ ही दोहोंना सामावणारी गती होय. यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एकाच श्वासात म्हटलेले नाही. विरोध व्यवहारात आहे, वाक्यात नाही.

आता १९३० च्या सोळाव्या पक्ष-अधिवेशनातील स्टालिनचे प्रतिपादन पाहा. राज्यसंस्था विरून जावी म्हणून ती कमाल बलवान करावयाची! हे परस्परविरोधी आहे, हे तो कबूल करतो आणि तेच मार्क्सच्या विरोधविकासाचे लक्षण म्हणून पुढे करतो. परंतु बळ वाढल्याने विलय कसा घडावा, हा दुवा त्या सूत्रात नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य विरले नाही, मोडले.

अशा बोलण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वदतोव्याघात. अंतर्विरोध ज्याला दिसला, त्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: दोन बाजू कोणत्या, त्या एकमेकींवाचून का राहू शकत नाहीत, आणि त्यांच्या ओढाताणीतून कोणती गती निर्माण होते. हे सांगता येत नसेल, तर विरोध वस्तूत नसून बोलणाऱ्याच्या तोंडी आहे. ही कसोटी विरोधकांपेक्षा समर्थकांनीच अधिक कठोरपणे लावावयास हवी. कारण गमावण्यासारखे काही आहे ते त्यांच्यापाशीच.