अभिनयाला रजा देणारा दिग्दर्शक

मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ फार वर्षांपूर्वी पाहावयास बसलो आणि अर्ध्यावरच उठून आलो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. संगीत नाटकांवर पोसलेल्या आमच्या पिढीला ती निर्विकार पात्रे सोसवली नाहीत. कौल यांनी ज्याला गुरुस्थानी मानले, त्या रॉबेर ब्रेसाँ (१९०१-१९९९) या फ्रेंच दिग्दर्शकाचे चित्रपट आम्ही निवृत्तीनंतर सवडीने पाहिले, आणि आमचे जुने मत मागे घ्यावे लागले. सर्वस्वी मात्र नव्हे.

ब्रेसाँ मूळचा चित्रकार. दुसऱ्या महायुद्धात तो काही काळ जर्मनांचा युद्धकैदी होता. १९४३ ते १९८३ या चाळीस वर्षांत त्याने अवघे तेरा कथापट केले. पहिल्या दोहोंत व्यावसायिक नट होते. पुढे त्याने नटांना हळूहळू कायमची रजा दिली. नवख्या माणसांना घेऊन, तोच प्रसंग पुनःपुन्हा करवून तो त्यांच्या बोलण्यातला सारा आविर्भाव झिजवून टाकी. त्यांना तो ‘मॉडेल’ म्हणे, चित्रकारापुढे बसणाऱ्यास म्हणतात तसे.

या हट्टाचे फळ पाहावयाचे तर १९५६ चा ‘अ मॅन एस्केप्ड’ पाहावा. जर्मनव्याप्त लियाँ शहरातील माँल्युक तुरुंगातून आंद्रे दव्हिन्यी हा सैनिक निसटला होता, त्याच्या आठवणींवर तो आधारलेला आहे. कैदी सुटणार, हे नावातच सांगून टाकलेले. म्हणजे रहस्य उरलेच नाही! उरतात ते हात. घासून धारदार केलेला चमचा, दाराच्या फळ्यांमधील सांध्याचे कोरणे, खाटेच्या तारा आणि कापड पिळून केलेला दोर. पहारेकऱ्याच्या किल्ल्यांचा आवाज जिन्याच्या कठड्यावरून येतो तेव्हा आम्ही श्वास रोखला. नायकाच्या चेहऱ्यावर भय दिसत नाही, म्हणूनच ते आमच्या ठायी उतरले. शेवटी कोठडीत एक पोरगेला कैदी आणून टाकतात. त्याला मारावे की बरोबर न्यावे? नायकाची मुद्रा तेथेही स्थिर असते.

मात्र ‘लारजाँ’ (१९८३) या अखेरच्या चित्रपटापाशी आमची सहमती संपते. टॉलस्टॉयच्या कथेवरून घेतलेल्या या चित्रपटात खोट्या नोटेपायी एक साधा कामकरी अखेर कुऱ्हाड उचलतो. त्याचा प्रत्येक टप्पा आम्हाला पटला, पण त्या माणसाशी आमचे नाते जडले नाही. येथे संयमाचा काटेकोर नियम झाला आहे, असे आमचे मत. जाणकार याला श्रेष्ठ कृती मानतात, हे ठाऊक असूनही ते नोंदवतो.

पुण्याच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडलेले कुमार शहानी १९६९ च्या ‘यून फाम दूस’साठी ब्रेसाँचे सहायक होते. तेव्हा हा संप्रदाय आपल्याकडे थेट गुरुमुखातून आला आहे.

ज्यांना आरंभ करावयाचा, त्यांनी ‘ओ आझार बाल्थाझार’ (१९६६) निवडावा. त्याचा नायक एक गाढव आहे. अभिनय न करणारा याहून चांगला ‘मॉडेल’ ब्रेसाँला मिळाला नसता! अनेक धन्यांच्या हाती मार खाऊन ते अखेर माळावर मेंढरांच्या कळपात येऊन बसते. भोवती मेंढ्यांच्या घंटा वाजत राहतात, आणि ते मान टाकते.