मधुमेही रुग्णांमधील हृदयधमनी उपचारांची फलनिष्पत्ती : दोन चाचण्यांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडिअ‍ॅब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख इतकी आहे. मधुमेहात हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्यांचा विकार लवकर जडतो आणि तो एकाच जागी न राहता धमनीच्या लांबीभर पसरतो. अशा रुग्णास फुग्याने वा स्टेंटने धमनी रुंद करण्याचा उपचार, म्हणजेच अँजिओप्लास्टी, करावा की बायपास शस्त्रक्रिया, हा प्रश्न गेली तीन दशके चर्चेत आहे. 'मधुमेह असून एकाहून अधिक धमन्या बाधित असतील तर बायपास श्रेष्ठ' हे उत्तर आज जवळजवळ सिद्धान्त म्हणून उद्धृत केले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र त्यातील 'मधुमेही' व 'बायपास' हे दोन्ही शब्द मूळ पुराव्याच्या मानाने फारच सैलपणे वापरले जातात. प्रस्तुत लेखात बारी आणि फ्रीडम या दोन चाचण्यांच्या आधारे या सैलपणाचा विचार केला आहे.

बारी : अनपेक्षित निष्कर्ष

अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या बारी चाचणीत १,८२९ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. पाच वर्षांनंतर एकूण रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात दोन उपचारांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्या ३५३ मधुमेहींमध्ये बायपासनंतर ८०.६ टक्के, तर फुग्याच्या अँजिओप्लास्टीनंतर केवळ ६५.५ टक्के रुग्ण हयात होते. १९९५ मध्ये, मुख्य शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच, संस्थेने डॉक्टरांना सावधगिरीची सूचना दिली, यावरून या आकड्यांचे गांभीर्य ध्यानात येते.

येथे एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. चाचणी आखताना ज्या उपगटांचे विश्लेषण करावयाचे ठरले होते, त्यांत मधुमेहींचा समावेश नव्हता. सुरक्षा व देखरेख मंडळाच्या सांगण्यावरून हा उपगट नंतर पाहिला गेला. मागाहून शोधलेल्या उपगटातील निष्कर्ष हा गृहीतक म्हणून स्वीकारावा, पुरावा म्हणून नव्हे, असा संशोधनपद्धतीचा सर्वमान्य दंडक आहे. त्यामुळे पुढची सुमारे १५ वर्षे या निष्कर्षावर वाद होत राहिला, तो अनाठायी म्हणता येणार नाही.

त्याहून महत्त्वाचे ते १९९७ मधील विश्लेषण. त्यानुसार सुमारे साडेपाच वर्षांच्या काळात अँजिओप्लास्टी झालेल्या मधुमेहींपैकी २०.६ टक्के हृदयविकाराने दगावले. बायपास झालेल्यांपैकी ज्यांना छातीच्या आतील धमनी किमान एका ठिकाणी जोडली होती त्यांच्यात हे प्रमाण २.९ टक्के होते. ज्यांना केवळ पायातील शिरा जोडल्या होत्या त्यांच्यात मात्र ते १८.२ टक्के, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या जवळपास तितकेच होते. अर्थात कोणास धमनी व कोणास शीर वापरावी हे चिठ्ठीने ठरलेले नव्हते. ज्यांना केवळ शिरा लाभल्या ते मुळातच अधिक आजारी असण्याची शक्यता उरतेच. तरीही शरीरक्रियेच्या दृष्टीने हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. छातीतील धमनीच्या आतल्या स्तरात मेदाचे थर सहसा साचत नाहीत. शिवाय स्टेंट ज्या जागी बसवला जातो तेवढीच जागा मोकळी ठेवतो, तर पुढच्या भागात जोडलेली धमनी अलीकडील संपूर्ण टप्प्याला वळसा घालते. तेथे उद्या नवा अडथळा निर्माण झाला तरी पुढील रक्तपुरवठा टिकतो. पसरट विकार असणाऱ्या मधुमेहीस याचाच लाभ होतो. या विश्लेषणापुरते बोलावयाचे तर 'बायपास' हा शब्द अपुराच ठरतो.

फ्रीडम : पुष्टी आणि मर्यादा

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्रीडम चाचणी केवळ मधुमेहींसाठी आखलेली होती, त्यामुळे बारीवरील मुख्य आक्षेप येथे लागू होत नाही. १,९०० रुग्णांपैकी औषधवेष्टित स्टेंट बसवलेल्यांत पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण २६.६ टक्के, तर बायपास गटात १८.७ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १६.३ व १०.९ टक्के होते. येथे बायपास झालेल्या बहुतेक सर्वांना छातीतील डावी धमनी जोडण्यात आली होती, हे बारीच्या संदर्भात सूचक आहे.

या यशाची किंमतही नोंदवलेली आहे. पक्षाघाताचे प्रमाण स्टेंट गटात २.४ टक्के, तर बायपास गटात ५.२ टक्के होते. एकत्रित आकड्यात मृत्यू व पक्षाघात एकाच तागडीत तोलले जातात. अर्धांगवायू होऊन जगणे आणि झटका येऊन सावरणे यांची तुलना रुग्ण कशी करील, हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ते त्याच्या घरच्यांशी बोलूनच कळते.

दुसरा मुद्दा निवडीचा. ३२,९६६ रुग्ण तपासून केवळ ३,३०९ पात्र ठरले आणि त्यांतील १,४०९ जणांनी सहभाग नाकारला. सहभागींत स्त्रिया ३० टक्क्यांहूनही कमी होत्या. डाव्या मुख्य धमनीचा विकार असणारे वगळलेले होते. एवढ्या गाळणीतून उतरलेल्या गटाचा निष्कर्ष ७८ वर्षांच्या, मूत्रपिंड निकामी होत असलेल्या मधुमेहीस जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. रुग्णभरती २०१० मध्ये संपली होती. त्यानंतर स्टेंट सुधारले, आणि २०१५ च्या एम्पा-रेग चाचणीने मधुमेहावरील औषधानेही हृदयविकाराचे मृत्यू घटतात असे दाखवले. फरकाची दिशा तीच राहिली तरी आकार तोच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

निर्णयाचा काळ :

फ्रीडमच्या आलेखातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. दोन वर्षांअखेर एकत्रित घटनांचे प्रमाण १३.० व ११.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. दोन्ही रेषा खऱ्या अर्थाने दुरावल्या त्या त्यानंतर. म्हणजेच बायपासचा त्रास आज होतो व लाभ तिसऱ्या वर्षानंतर दिसतो, तर स्टेंटचा दिलासा तत्काळ मिळतो. २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेल्याने खर्चाची भीती काहीशी ओसरली, मात्र निवडीचा प्रश्न त्याने सुटला नाही. अँजिओग्राफीच्या टेबलावर रुग्ण असतानाच बाहेर थांबलेल्या नातेवाइकांकडून संमती घेतली जाते, तेव्हा शल्यविशारद त्या संभाषणात बहुधा नसतोच. तीव्र झटक्यात असा तातडीचा निर्णय अपरिहार्य असतो. स्थिर विकारात तशी घाई नसते. बारी-२डी या २००९ च्या चाचणीत स्थिर विकार असणाऱ्या मधुमेहींमध्ये तातडीने हस्तक्षेप केलेल्यांचे पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ८८.३ टक्के, तर प्रथम औषधांवर ठेवलेल्यांचे ८७.८ टक्के होते.